र. धों. कर्वे : वर्गाबाहेर काढलेला मास्तर

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या वस्तीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. १९५६ साली याच दिवशी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली. त्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, एक माणूस हे जग सोडून गेला. त्याच्या मागे ना संस्था होती, ना इस्टेट, ना अनुयायांची फौज. होते ते सव्वीस वर्षे पदरमोड करून चालवलेल्या एका मासिकाचे अंक. त्या माणसाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. याच माणसाचे वकीलपत्र घेऊन १९३४ साली बाबासाहेब मुंबईच्या न्यायालयात उभे राहिले होते.

आमच्या अनेक कार्यकर्त्यांना हे ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते तेही ते हळू आवाजात सांगतात, कारण विषय लैंगिक शिक्षणाचा आहे. आम्ही आज तो मोठ्याने बोलणार आहोत. वयात येणाऱ्या मुलामुलींना स्वतःच्या शरीराची माहिती शाळेत द्यायची की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्र जवळजवळ शंभर वर्षे भांडतो आहे. या भांडणात सभ्यता कोणाची राखली गेली ते आम्हाला माहीत नाही, पण त्याची किंमत मात्र गोरगरिबांच्या पोरी मोजत आल्या आहेत. म्हणून कर्व्यांचे चरित्र आपल्या पोरांना ठाऊक असले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. घराणे कोकणातील दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. वडील धोंडो केशव कर्वे, म्हणजेच पुढे महर्षी म्हणून गाजलेले अण्णासाहेब कर्वे. आई राधाबाई. लग्नात वडील स्वतः चौदा-पंधरा वर्षांचे होते आणि नवरी आठ-नऊ वर्षांची. रघुनाथ झाला तेव्हा राधाबाईंनी विशीही गाठलेली नव्हती. १८९१ साली त्या वारल्या. वय सत्तावीसच्या आसपास. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता.

वाचकहो, १८९१ हे साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. मुलीशी, मग ती लग्नाची बायको का असेना, शरीरसंबंध ठेवण्याचे किमान वय या कायद्याने दहावरून बारावर नेले. फक्त दोन वर्षांची वाढ! पण एवढ्यानेही धर्म बुडाला अशी हाकाटी सनातन्यांनी पुण्यात केली आणि लोकमान्य टिळकांनी त्या विरोधाचे पुढारपण केले. अकरा वर्षांच्या पोरीच्या देहाचे काय होते, यापेक्षा सरकारने धर्मात हात घातला याचा राग मोठा होता. रघुनाथची शाळा आणि कॉलेज याच पुण्यात झाले.

१८९३ साली अण्णासाहेबांनी विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. बहिष्कार म्हणजे काय हे या दैनिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांचा बहिष्कार आणि आपला बहिष्कार एकसारखा नव्हता, हेही सांगण्याची गरज नाही. त्यांना पाणी तोडले तरी विद्या तोडली नव्हती. परंतु जातीत राहून जातीचे ऐकले नाही तर जात काय करते, ते या मुलाने घरातच पाहिले.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ च्या मॅट्रिकला तो पहिला आला. १९०४ साली फर्ग्युसन कॉलेजातून बी.ए. झाला. विषय गणित. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. गणिताच्या वरच्या अभ्यासासाठी पॅरिसलाही जाऊन आले. गणिताच्या माणसाला एक खोड असते. उत्तर लोकांना आवडेल का, हे तो बघत नाही. ते बरोबर आहे का, एवढेच बघतो. ही खोड त्यांनी फळ्यापुरती ठेवली असती तर सन्मानाने पेन्शन घेऊन निवृत्त झाले असते. पण त्यांनी ती समाजाला लावली.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातले ते पहिले मानले जाते. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. मुंबईच्या चाळीत बायका आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणे सोसत होत्या. मुले जन्मत होती आणि वर्षाच्या आत जात होती. गुप्तरोग नवऱ्याकडून बायकोला आणि बायकोकडून बाळाला लागत होता. हे सर्वजण बघत होते, पण उपाय सांगायला कोणी तयार नव्हते. कर्वे उपाय सांगत, साधने देत, आणि १९२३ साली त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तकही लिहिले.

सांगितले तसे ते स्वतः वागले. पत्नी मालतीबाई आणि त्यांनी मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला आणि त्यासाठीची शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी बायकोवर न लादता स्वतःवर करून घेतली. आज इतक्या वर्षांनी काय स्थिती आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात नसबंदी झालेल्या विवाहित स्त्रिया ३७.९ टक्के आहेत आणि पुरुष ०.३ टक्के. समतेची भाषणे ठोकणाऱ्या आम्हा पुरुषांनी हा आकडा दोनदा वाचावा.

कॉलेजचे चालक ख्रिस्ती मिशनरी होते. त्यांना हे मानवले नाही. हे काम तरी सोडा नाही तर नोकरी सोडा, असा पेच पडला आणि कर्व्यांनी नोकरी सोडली. म्हणजे सनातनीपणा एकाच धर्माची मिरासदारी नाही. मास्तरला वर्गाबाहेर काढले गेले. पण मास्तरने शिकवणे थांबवले नाही. त्याने दुसरा वर्ग उघडला, आणि तो टपालाने चालवला.

तो वर्ग म्हणजे जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. १९२७ चा मार्च म्हणजे महाडचे चवदार तळे. एप्रिल म्हणजे बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’. डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन. या दोन्ही कामांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. एकीकडे कोट्यवधी माणसांच्या माणूसपणाची लढाई होती आणि दुसरीकडे एका माणसाचे मासिक. परंतु ज्या व्यवस्थेने पाण्याला शिवू दिले नाही, तिनेच स्वतःच्या देहाविषयी विचारू दिले नाही. विटाळ ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे. अस्पृश्याची सावलीही विटाळ आणि पाळी आलेली बाईही विटाळ.

मासिकात लेख असत, पण त्याचा खरा जीव वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होता. लोक पत्रे पाठवत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, पाळी कशी येते, गर्भ कसा राहतो, तो राहू नये म्हणून काय करावे, गुप्तरोग झाला तर कोणाकडे जावे. आईबापाला, मास्तरला, डॉक्टरलाही विचारता येत नाही ते सर्व या मासिकाकडे येई. कर्वे त्याची सरळ उत्तरे देत. कोणाला लाजवत नसत, प्रवचन देत नसत. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क पुरुषाइतकाच आहे, असे ते स्वच्छ लिहीत. १९३५ साली मार्गारेट सँगर बाई वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या, तेव्हा गांधीजींनी साधनांना विरोध करून संयमाचा मार्ग सांगितला. कर्व्यांनी गांधीजींच्या ब्रह्मचर्याच्या उपदेशाचीही भीड ठेवली नाही. जो उपदेश बहुसंख्य माणसांना पाळता येत नाही, तो आरोग्याचा कार्यक्रम होऊ शकत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मग खटले आले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखावरून पहिला खटला झाला. शंभर रुपये दंड झाला आणि अपीलही फेटाळले गेले. १९३४ साली दुसरा खटला आला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. म्हणजे कोणी विचारले आणि यांनी सांगितले, हाच गुन्हा! या वेळी कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले.

तो काळ आठवा. गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या. १९३२ चा पुणे करार ताजा होता. देशभरातून बाबासाहेबांवर शिव्यांचा वर्षाव चालू होता. अशा माणसाने आणखी एका बदनाम माणसाची बदनामी अंगावर का घ्यावी? फीसाठी म्हणावे तर कर्व्यांकडे द्यायला काय होते? आम्हीही वकिली करतो, म्हणून आम्हाला ठाऊक आहे, की कोणते वकीलपत्र घेतो यावरून वकिलाची ओळख पटते.

बाबासाहेबांचे मुद्दे आजही कायद्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासावेत असे आहेत. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, हा पहिला. मासिक याच विषयाला वाहिलेले असेल आणि वाचक अडचण विचारत असेल, तर त्याला उत्तर देणे हे संपादकाचे कामच आहे, हा दुसरा. समलिंगी आकर्षणाविषयीच्या उत्तराला हरकत घेतली गेली, तेव्हा त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञाच्या अभ्यासाचा आधार दिला, हा तिसरा. पण न्यायालयाला ते पटले नाही. दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेब हा खटला हरले.

हरले, पण चुकले नाहीत. त्या काळी अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या हिकलिन या इंग्लिश खटल्यातली होती. ज्याचे मन सहज बिघडू शकते अशा माणसावर मजकुराचा काय परिणाम होईल, एवढेच बघायचे. या मापाने वैद्यकाचे पुस्तकही अश्लील ठरवता येते. १९६९ साली भारतीय दंड विधानाच्या कलम २९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि शास्त्र, साहित्य, कला व विद्येच्या हितासाठी, लोकहिताचे म्हणून केलेले लिखाण त्यातून वगळले गेले. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिकलिनची कसोटीच टाकून दिली. आणि समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. १९३४ साली जे मुद्दे दंडास पात्र ठरले, त्यांच्या दिशेने कायदा हळूहळू चालत आला.

बाबासाहेबांची ही भूमिका एका खटल्यापुरती नव्हती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून ते बोलले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. नको असलेल्या गर्भातून सुटण्याची मोकळीक स्त्रीला असावी आणि गर्भ धरायचा की नाही हे तिच्या मर्जीवर असावे, हे त्याचे सार होते. सभागृहाने तो ठराव फेटाळला. १९४२ साली नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी आपल्या आयाबहिणींना लग्नाची घाई करू नका आणि फार मुले होऊ देऊ नका, असे बजावले.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. त्या काळच्या संततिनियमन चळवळीत, परदेशात आणि आपल्याकडेही, वंशसुधारणेचा एक विचार मिसळलेला होता. गरीब आणि खालचे समजले जाणारे लोकच जास्त पोरे घालतात, म्हणून त्यांना आवरा, असा त्याचा सूर होता. १९७६ मध्ये आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीत या सुराने काय केले, ते गरिबांना ठाऊक आहे. आम्हाला तो विचार मान्य नाही. म्हणूनच १९३८ च्या ठरावाचे मोल मोठे आहे. गरिबांची संख्या आवरण्याऐवजी बाईच्या शरीरावर बाईचा अधिकार, हा त्याचा पाया होता. कर्व्यांच्या कामातला जो भाग आपण उचलायचा, तो हाच.

कर्व्यांचा शेवट गाजावाजात झाला नाही. मासिक तोट्यात चाले. मालतीबाईंनी स्वतः कमावून घर आणि मासिक दोन्हींना हात दिला. त्या त्यांच्या आधी गेल्या. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला. ज्या कामासाठी नोकरी गेली ते काम सरकारी झाले, पण ते सुरू करणाऱ्याची आठवण सरकारला झाली नाही. पुढल्याच वर्षी ते गेले आणि त्याबरोबर मासिकही थांबले. वडिलांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. मुलाला मिळाली ती तीनशे रुपये दंडाची पावती. विधवेचे लग्न समाजाने हळूहळू पचवले, पण बाईच्या इच्छेविषयी बोलणारा त्याला पचला नाही.

आता आजचे बघू. आम्ही दहावीला होतो तेव्हा विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आला. सरांनी तो घरी वाचा म्हणून सांगितले आणि पुढचा धडा उघडला. मुली खाली बघत होत्या, मुले खिदळत होती. कर्व्यांना वर्गाबाहेर काढल्याला तेव्हा साठाहून अधिक वर्षे झाली होती. २००७ साली केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत येऊ घातला, तेव्हा महाराष्ट्राच्या विधिमंडळात सर्व पक्षांच्या आमदारांनी गदारोळ केला आणि राज्याने तो थांबवला. इतर अनेक राज्यांनीही तेच केले. संस्कृतीच्या नावाने सर्व पक्ष एक होतात, याचा हा उत्तम नमुना होता. पुढे २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, २०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रम आला. कागदावर धडे आहेत. पण खेड्यापाड्यांत आम्ही जे बघतो त्यावरून सांगतो, की धडा घरी वाचा म्हणणारे सर अजून निवृत्त झालेले नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका विहारात किशोरवयीन मुलामुलींच्या शिबिरात आम्ही एक पेटी ठेवली. नाव न लिहिता प्रश्न टाका म्हणून सांगितले. चिठ्ठ्या निघाल्या त्या अशा: रात्री झोपेत कपडे ओले होतात, हा रोग आहे का? चुंबन घेतल्याने दिवस जातात का? पाळीत बुद्धवंदनेला बसले तर चालते का? हातात मोबाईल असलेली ही मुले. मोबाईलवर त्यांना सर्व काही दिसते, पण या तीन प्रश्नांची खरी उत्तरे देणारे माणूस भेटत नाही. त्यातली पहिली चिठ्ठी कर्व्यांच्या टपालातून निघाली असावी, अशीच होती.

उत्तर न मिळाल्याचे परिणाम आम्ही न्यायालयात बघतो. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा एकोणीसचा. तिला दिवस गेलेले कळतात तेच चौथ्या-पाचव्या महिन्यात. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठराच्या आतील मुलीची संमती ही संमतीच नाही आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावेच लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अल्पवयीन मुलीच्या किंवा पालकाच्या विनंतीवरून डॉक्टरने तिचे नाव उघड न करण्याची मुभा दिली. पण हा निकाल तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचलेला नसतो. मुलगा खालच्या जातीचा असेल तर तक्रार अधिक तातडीने होते. तो तुरुंगात, ती आईच्या घरात कोंडलेली, आणि दोघांचीही शाळा संपलेली. अत्याचाराच्या प्रकरणांत तर पोरीला आपल्यावर काय झाले ते सांगायला शब्दच नसतात, कारण शरीराच्या त्या भागांची नावे तिला कोणी शिकवलेली नसतात. वकील म्हणून आम्ही उलटतपासणीत या मुक्या पोरी पाहिल्या आहेत.

आकडे बोलके आहेत. त्याच २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. पंधरा ते एकोणीस वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. पूर्ण देशाचा आकडा ६.८ टक्के होता. म्हणजे फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारा महाराष्ट्र यात देशाच्या मागे आहे. या मुली कोणाच्या? ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर कोपीवर किंवा गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, या भीतीने तिचे लग्न उरकणाऱ्या आईबापांच्या. आश्रमशाळेतल्या, झोपडपट्टीतल्या. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत आणि ओळखीचा डॉक्टर आहे, त्यांच्या पोरी शाळेत धडा न शिकवताही निभावून जातात.

लैंगिक शिक्षणाने मुले बिघडतात, हा जुनाच आरोप आहे. युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली. नीट शिकवले तर मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, उलट काही ठिकाणी उशिरा वळतात आणि गर्भनिरोधक जास्त वापरतात, असे तीत नोंदले आहे. नुसता संयमाचा उपदेश करणारे कार्यक्रम मात्र निरुपयोगी ठरतात. गणिताच्या मास्तरचा हिशेब बरोबर निघाला. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मुलांना सर्वंकष लैंगिक शिक्षण देण्याची गरज निकालात सांगितली.

मग आपण काय करायचे? शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य असतात. आपल्या गावच्या समितीत जा आणि विचारा, की तो धडा वर्गात शिकवला का? गावच्या आरोग्य सेविकेला वर्गात बोलवा. मुलांना आणि मुलींना, दोघांनाही शिकवा, कारण पोरीला सांभाळून राहा म्हणायचे आणि पोराला काहीच सांगायचे नाही, हाही मनूचाच न्याय आहे. येत्या १४ ऑक्टोबरला विहारात वंदना झाल्यावर एक पेटी ठेवा आणि तीत चिठ्ठ्या पडू द्या. उत्तरे येत नसतील तर डॉक्टरला बोलवा, पण एकही चिठ्ठी फाडू नका.

बाबासाहेबांनी १९३४ साली घेतलेले ते वकीलपत्र अजून निकाली निघालेले नाही. ते आता आपल्याकडे आहे.

जयभीम!